‘करून राहिलो’पासून इंग्रजीच्या चालू वर्तमानकाळापर्यंत

‘काय करून राहिला?’ असे विचारले, तर यवतमाळ, अकोला, अमरावती किंवा वर्धा जिल्ह्यातील माणूस ‘वावरात जाऊन राहिलो’, म्हणजे शेतात जात आहे, असे उत्तर देतो. तोच माणूस आपला रोजचा क्रम सांगताना मात्र ‘मी सकाळी सहाले वावरात जातो’ असे म्हणतो आणि या दोन रूपांची त्याच्याकडून सहसा अदलाबदल होत नाही. इंग्रजी शिकणाऱ्याला पहिल्याच टप्प्यावर जो फरक अवघड वाटतो, तो साध्या आणि चालू वर्तमानकाळातील फरक वऱ्हाडी आणि नागपुरी बोलणाऱ्याच्या तोंडी लहानपणापासून बसलेला असतो. प्रमाण मराठीत ‘मी जातो’ हे एकच रूप पुष्कळदा दोन्ही कामे करते; ‘थांब, मी येतो’ आणि ‘मी रोज येतो’ या दोन वाक्यांत क्रियापद बदलत नाही. विदर्भातील बोलीत ते बदलते, आणि इंग्रजीतही बदलते.

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी शिकवले जाते, तरीही दहावी-बारावी झालेल्या अनेक मुलामुलींना ‘आय गो’ म्हणावे की ‘आय ॲम गोइंग’ म्हणावे हे ठरवताना अडखळायला होते. याचे एक कारण मला असे वाटते की वर्गात बोली बाजूला ठेवायला सांगितली जाते आणि नियम मात्र ‘मी जात आहे’ या, घरात कोणीच न बोलणाऱ्या रूपावरून शिकवला जातो. म्हणून हा लेख बोलीपासून सुरू केला आहे. बोलीचा आधार बऱ्याच लांबपर्यंत पुरतो. तो जिथे दगा देतो त्या जागा ठरावीक आहेत, आणि त्यांच्यासाठी पुढे अधिक जागा राखली आहे.

पहिली पायरी: वाक्य या काळाचे आहे का, हे ठरवणे

जे सांगायचे आहे ते आधी मनात आपल्या बोलीत म्हणावे. तोंडी ‘राहिलो, राहिली, राहिले’ आले, तर इंग्रजीत बहुतेक वेळा चालू वर्तमानकाळ येईल. ‘बाया कापूस वेचून राहिल्या’ याचे इंग्रजी ‘द विमेन आर पिकिंग कॉटन’ असे होते, तर ‘बाया दिवाळीनंतर कापूस वेचतात’ याचे इंग्रजी ‘द विमेन पिक कॉटन आफ्टर दिवाळी’ असे होते. पहिल्या वाक्यात वेचणी डोळ्यांसमोर चालू आहे. दुसऱ्या वाक्यात दरवर्षीचा क्रम सांगितला आहे, मग बोलण्याच्या क्षणी जून महिना असला तरी ते वाक्य खरेच राहते.

दुसरी पायरी: ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ यांपैकी एक निवडणे

या काळाचे क्रियापद दोन तुकड्यांचे असते. पहिला तुकडा ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ आणि दुसरा तुकडा मूळ क्रियापदाला ‘आयएनजी’ ही तीन अक्षरे जोडून झालेले रूप. दोन्ही तुकडे लागतातच. ‘आय गोइंग’ हे वाक्य अपुरे आहे आणि ‘आय ॲम गो’ हेही चुकीचे आहे. आपल्या ‘जाऊन राहिलो’मध्ये ‘आहे’ गळून पडते म्हणून पहिला तुकडा विसरण्याची सवय आपल्याकडे जास्त दिसते; तो मुद्दाम ठासून उच्चारावा.

‘आय’ या कर्त्यापुढे ‘ॲम’ येते. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि कोणतीही एक व्यक्ती, प्राणी किंवा वस्तू यांच्यापुढे ‘इज’ येते. ‘वी’, ‘यू’, ‘दे’ आणि कोणतेही अनेकवचन यांच्यापुढे ‘आर’ येते. ‘यू’चा अर्थ तू असो, तुम्ही असो वा आपण असो, त्यापुढे नेहमी ‘आर’च लागते.

इथपर्यंत सारे सोपे आहे, पण मराठी माणसाची एक चूक याच पायरीवर होते आणि ती संस्कारातून येते. आपण वडीलधाऱ्यांबद्दल बोलताना क्रियापद अनेकवचनी करतो: ‘बाबा बंडी जुंपून राहिले’, ‘गुरुजी शिकवत आहेत’, ‘सरपंच बोलत आहेत’. हा आदर मनात ठेवून मुले ‘माय फादर आर गोइंग’, ‘सर आर टीचिंग’ अशी वाक्ये लिहितात. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनातून दाखवला जात नाही. माणूस एक असेल तर तो कितीही मोठा असला तरी ‘इज’च येते: ‘माय फादर इज गोइंग टू द फील्ड’, ‘द सरपंच इज स्पीकिंग’. यात बाबांचा किंवा सरपंचांचा मान कमी होत नाही.

तिसरी पायरी: क्रियापदाला ‘आयएनजी’ जोडणे

बहुतेक क्रियापदांना ही अक्षरे सरळ जोडली जातात: गो-गोइंग, वर्क-वर्किंग, प्लाव-प्लाविंग. स्पेलिंग बदलण्याचे प्रसंग मोजके आहेत. शेवटी न उच्चारला जाणारा ‘ई’ असेल तर तो जातो. ‘मेक’, ‘राइट’, ‘ड्राइव्ह’, ‘कम’ या शब्दांतला शेवटचा ‘ई’ काढून मग ‘आयएनजी’ लिहावे. ‘सी’, म्हणजे पाहणे, या शब्दात मात्र दोन ‘ई’ आहेत आणि ते दोन्ही राहतात.

शब्द एकाच उच्चाराचा, म्हणजे एका झटक्यात म्हटला जाणारा, त्याच्या शेवटी एक व्यंजन आणि व्यंजनाआधी एकच स्वराक्षर, अशी रचना असली की शेवटचे व्यंजन दुप्पट होते. ‘सिट’, ‘कट’, ‘रन’, ‘डिग’ यांची रूपे लिहिताना अनुक्रमे दोन ‘टी’, दोन ‘टी’, दोन ‘एन’, दोन ‘जी’ येतात. विहीर खोदण्याच्या वाक्यात ‘डिगिंग’ला एकच ‘जी’ लिहिलेला वारंवार आढळतो, म्हणून त्याकडे लक्ष द्यावे. ‘डब्ल्यू’, ‘एक्स’ आणि ‘वाय’ ही अक्षरे कधी दुप्पट होत नाहीत. शब्द दोन उच्चारांचा असेल तर जोर कुठे पडतो ते पाहावे लागते: ‘बिगिन’मध्ये जोर शेवटी आहे म्हणून ‘एन’ दुप्पट होतो, ‘ओपन’मध्ये जोर सुरुवातीला आहे म्हणून होत नाही. ‘लाय’, ‘डाय’, ‘टाय’ यांच्या शेवटची ‘आयई’ ही जोडी बदलून तिथे ‘वाय’ येतो. बैल बांधण्याच्या वाक्यात ‘टाइंग’ लिहिताना हे लागते. ‘स्टडी’मधला ‘वाय’ मात्र जागेवरच राहतो. ‘ही स्टडीज’ लिहिताना तो ‘वाय’ बदलतो, म्हणून ‘स्टडीइंग’मध्येही बदलेल असे समजून मुले तो गाळतात, तो गाळू नये.

आपल्या कामाशी जवळचे असे दोन शब्द येथेच सांगून ठेवतो. पेरणे आणि शिवणे या दोन्ही क्रियांसाठीच्या इंग्रजी शब्दांचा उच्चार ‘सो’ असाच आहे. पेरण्याच्या शब्दात मधले अक्षर ‘ओ’ आहे आणि शिवण्याच्या शब्दात ‘ई’. बचत गटातल्या ताई मशीनवर शिवत असतील आणि घरचे लोक सोयाबीन पेरत असतील, तर दोन्ही वाक्यांत कानाला ‘सोइंग’च ऐकू येईल. लिहिताना तेवढे एक अक्षर सांभाळावे.

उच्चाराबद्दल एकच सूचना पुरेशी आहे. ‘गोइंग’च्या शेवटी आपण पूर्ण ‘ग’ म्हणतो, इंग्रजीत तो म्हणत नाहीत. ‘गंगा’ म्हणताना अनुस्वाराच्या वेळी जीभ जिथे टेकते तिथेच आवाज संपवावा आणि ‘ग’ सोडू नये.

चौथी पायरी: नकार आणि प्रश्न

नकारासाठी ‘नॉट’ हा शब्द पहिल्या तुकड्यानंतर ठेवावा: ‘द पंप इज नॉट वर्किंग’. बोलताना ‘इज नॉट’चे ‘इझन्ट’ आणि ‘आर नॉट’चे ‘आरन्ट’ होते. ‘आय ॲम नॉट’चे ‘आयम नॉट’ होते.

प्रश्नात आपली सवय आडवी येते. मराठीत वाक्याचा क्रम न हलवता शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो: ‘तू येऊन राहिला का?’ इंग्रजीत पहिला तुकडा उचलून कर्त्याच्या आधी आणावा लागतो: ‘यू आर कमिंग’ हे विधान आणि ‘आर यू कमिंग?’ हा प्रश्न. ‘काय’, ‘कुठे’, ‘का’ यांसारखा प्रश्नशब्द असेल तर तो सर्वांत आधी, त्यानंतर पहिला तुकडा आणि मग कर्ता: ‘व्हॉट आर यू डूइंग?’, ‘व्हेअर इज द बस गोइंग?’ आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘व्हॉट यू आर डूइंग?’ हे प्रश्न म्हणून चुकीचे आहे. तीच शब्दरचना दुसऱ्या वाक्याच्या पोटात मात्र बरोबर ठरते: ‘टेल मी व्हॉट यू आर डूइंग’, म्हणजे तू काय करून राहिला ते मला सांग.

उत्तर देताना ‘येस, आय ॲम’ असे पूर्ण म्हणावे. उत्तर तेवढ्यावरच संपत असेल तर ‘येस, आयम’ असे जोडून म्हणता येत नाही.

पाचवी पायरी: हा काळ कुठे कुठे वापरायचा

बोलण्याच्या क्षणी चालू असलेली क्रिया हा पहिला आणि ठळक उपयोग आहे. बडनेरा, वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशनवर गाडी येण्याच्या घोषणेत ‘इज अरायव्हिंग’ हे शब्द ऐकू येतात, ते याच काळाचे रूप आहे. फोनवरची पहिली ओळही बहुधा याच काळात असते. पीकविम्याच्या चौकशीसाठी कोठे फोन लावला आणि समोरचा इंग्रजीत बोलू लागला, तर ‘आय ॲम कॉलिंग फ्रॉम दारव्हा. आय ॲम कॉलिंग अबाउट माय क्रॉप इन्शुरन्स’ एवढ्या दोन वाक्यांनी बोलण्याची सुरुवात नीट होते.

दुसरा उपयोग काही काळापुरत्या गोष्टींसाठी आहे. क्रिया त्या क्षणी चालू असलीच पाहिजे असे नाही. गावातला एखादा मुलगा हंगामापुरता जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीत, कामाला असेल, तर तो रात्री घरी जेवत असतानाही ‘आय ॲम वर्किंग इन अ जिनिंग मिल धिस सीझन’ असे म्हणेल. नागपूरला वसतिगृहात राहून शिकणारी मुलगी ‘आय ॲम लिव्हिंग इन नागपूर, बट माय पेरेंट्स लिव्ह इन आर्णी’ असे म्हणते, कारण तिचे राहणे शिक्षणापुरते आहे आणि आईवडिलांचे कायमचे. एकाच वाक्यात दोन्ही काळ शेजारी ठेवून असा सराव केला, तर फरक लवकर अंगवळणी पडतो.

येथेच मुलाखतीत नेहमी होणारी एक चूक सांगणे आवश्यक आहे. ‘तुम्ही कुठले?’ या अर्थाच्या प्रश्नाला ‘आय ॲम कमिंग फ्रॉम दारव्हा’ असे उत्तर दिले, तर ऐकणारा असे समजू शकतो की हा माणूस आताच दारव्ह्याहून प्रवास करून येत आहे. आपण मूळचे दारव्ह्याचे आहोत हे सांगायचे असेल तर ‘आय कम फ्रॉम दारव्हा’ किंवा ‘आय ॲम फ्रॉम दारव्हा’ असे म्हणावे.

हळूहळू होणारा बदलही याच काळात सांगतात. ‘द डेज आर गेटिंग हॉटर’ हे वाक्य मार्चअखेरीस विदर्भात कोणीही म्हणू शकतो. ‘द वॉटर इन द वेल इज गोइंग डाउन’ हे त्यापुढचे वाक्य. एखादी गोष्ट सारखी घडून त्रास देत असेल तर ‘ऑलवेज’ जोडून ‘द पॉवर इज ऑलवेज गोइंग ऑफ’ असे म्हणतात.

ठरलेल्या भविष्यासाठीही हा काळ चालतो, पण त्याला अट आहे. गोष्ट माणसाने ठरवलेली आणि शक्यतो कोणाशी बोलून पक्की केलेली असावी. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणे झाले आहे, बियाणे घरात आहे, तर ‘वी आर सोइंग सोयाबीन ऑन मंडे’ हे वाक्य योग्य आहे. पाऊस कोणी ठरवून पाडत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ असे म्हणत नाहीत. तिथे ‘इट विल रेन’ किंवा ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणावे लागते. एसटीच्या वेळापत्रकासाठी साधा वर्तमानकाळ येतो: ‘द बस लीव्ह्ज ॲट सिक्स’. त्या बसमधून आपण जायचे ठरवले असेल तर मात्र ‘आय ॲम लीव्हिंग ॲट सिक्स’.

सहावी पायरी: ‘राहिलो’ जिथे फसवते

आता बोलीचा आधार सुटण्याची पहिली जागा. वऱ्हाडीत आपण ‘मले समजून नाही राहिलं’, ‘मले वाटून राहिलं’, ‘दिसून नाही राहिलं’ असे सहज म्हणतो. पहिल्या पायरीची कसोटी येथे लावली तर ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ असे वाक्य तयार होते आणि ते इंग्रजीत बसत नाही. कळणे, माहीत असणे, हवे असणे, आवडणे, विश्वास असणे, आठवणे, मालकीचे असणे या क्रिया नसून स्थिती आहेत असे इंग्रजी मानते. त्यामुळे ‘अंडरस्टँड’, ‘नो’, ‘वॉन्ट’, ‘नीड’, ‘लाइक’, ‘बिलीव्ह’, ‘रिमेंबर’, ‘बिलाँग’ ही क्रियापदे सामान्यतः साध्या वर्तमानकाळातच वापरावीत: ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय नीड अ लोन’, ‘धिस फील्ड बिलाँग्ज टू माय अंकल’.

काही क्रियापदे दोन्हीकडे चालतात आणि अर्थ बदलतात. अडत्याच्या काट्यावरचे उदाहरण घेऊ. अडत्या कापूस मोजून राहिला आहे, हे त्याच्या हातचे काम आहे, म्हणून ‘द ट्रेडर इज वेइंग द कॉटन’. कापूस पन्नास किलो भरतो, हा कापसाचा गुण आहे, त्यात कापूस स्वतः काही करत नाही, म्हणून ‘द कॉटन वेज फिफ्टी किलोज’. क्रियापद एकच, काटाही एकच, पण कर्ता काही करतो आहे की नुसता तसा आहे, एवढ्यावर काळ ठरतो. ‘हॅव’चेही असेच आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’ यासाठी ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणावे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते आणि ते टाळावे. जेवण करण्याच्या अर्थाने मात्र ‘वी आर हॅविंग लंच’ हे योग्य आहे. मत सांगताना ‘आय थिंक’, एखाद्या गोष्टीचा विचार चालू असताना ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’.

सातवी पायरी: ‘राहिलो’ येत नाही, तरी हा काळ लागतो

दुसरी जागा याच्या उलट आहे आणि पुस्तकांत तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले मला दिसत नाही. ‘आजी ओसरीत बसली आहे’, ‘कंडक्टर दारात उभा आहे’, ‘बाळ झोपले आहे’, ‘वहिनीने हिरवे लुगडे नेसले आहे’, ‘आजोबांनी टोपी घातली आहे’ ही वाक्ये पाहावीत. मराठीत यांपैकी एकातही चालू काळ नाही. बसण्याची, नेसण्याची क्रिया पूर्ण झाली आणि तिची अवस्था उरली, असे मराठी सांगते. इंग्रजी ही अवस्थाच चालू आहे असे धरते: ‘ग्रँडमदर इज सिटिंग’, ‘द कंडक्टर इज स्टँडिंग’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग अ ग्रीन सारी’, ‘ही इज वेअरिंग अ कॅप’. चित्र पाहून पाच वाक्ये लिहा, असा प्रश्न परीक्षेत आला की चित्रातली माणसे बहुधा बसलेली, उभी असलेली आणि काहीतरी घातलेलीच असतात, त्यामुळे ही पायरी पक्की असेल तर निम्मे उत्तर हाती येते.

आठवी पायरी: ‘पासून’ दिसला की थांबणे

‘मी दोन वर्षांपासून शिकत आहे’ किंवा बोलीत ‘दोन सालांपासून शिकून राहिलो’ या वाक्यांत चालू वर्तमानकाळ आहे, पण इंग्रजीत तो चालत नाही. क्रिया मागे केव्हातरी सुरू होऊन अजून चालू आहे आणि तिचा अवधी सांगितला आहे, तर ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लागते: ‘आय हॅव बीन लर्निंग फॉर टू इयर्स’. अवधी सांगितला तर ‘फॉर’, आरंभ सांगितला तर ‘सिन्स’: ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग’. पावसाच्या वाक्यात कर्ता म्हणून ‘इट’ येतो, हेही लक्षात ठेवावे. ‘पाणी येऊन राहिलं’ यावरून ‘वॉटर इज कमिंग’ असे केले तर त्याचा अर्थ नळाला किंवा पाटाला पाणी येत आहे असा होतो.

सराव

सरावासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. एसटी स्टँडवर, वावरात किंवा ओसरीत बसून समोर जे दिसते त्याची वाक्ये आधी बोलीत आणि मग इंग्रजीत म्हणावीत, आणि प्रत्येक वाक्य कोणत्या पायरीवरचे आहे ते स्वतःला सांगावे. नमुन्यासाठी एक उतारा घेऊ.

‘बाबा वावरात जाऊन राहिले. माय ओसरीत बसली आहे. तिने निळी साडी नेसली आहे. भाऊ दोन सालांपासून पुण्यात काम करून राहिला. तो रविवारी घरी येऊन राहिला. मले वाटून राहिलं का त्याले इथंच काम पाहिजे.’

याचे इंग्रजी असे होईल: ‘फादर इज गोइंग टू द फील्ड. मदर इज सिटिंग इन द व्हरांडा. शी इज वेअरिंग अ ब्लू सारी. माय ब्रदर हॅज बीन वर्किंग इन पुणे फॉर टू इयर्स. ही इज कमिंग होम ऑन संडे. आय थिंक ही वॉन्ट्स अ जॉब हिअर.’

पहिल्या वाक्यात बाबांसाठी ‘आर’ न येता ‘इज’ आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात बोलीत ‘राहिलो’ नसूनही चालू काळ आला. चौथ्यात ‘पासून’मुळे ‘हॅज बीन’ आले. पाचवे वाक्य भविष्याबद्दल आहे, पण भावाचे येणे ठरलेले आहे म्हणून चालू काळ चालला. तो येईल की नाही याची खात्री नसती तर ‘ही माइट कम’ म्हणावे लागले असते. सहाव्यात ‘वाटून राहिलं’ असूनही ‘थिंक’ साधेच राहिले, आणि ‘पाहिजे’साठी आलेले ‘वॉन्ट्स’ही तसेच.